मॅनेजर बदलायचा की नाही?

फुटबॉलचे चाहते दोन खेळ पाहतात. एक मैदानावर बावीस जण खेळतात तो. दुसरा मैदानाबाहेर आठवडाभर चालतो आणि त्याचा विषय एकच असतो : आपल्या क्लबचा मॅनेजर ठेवायचा की काढायचा? पहिला खेळ नव्वद मिनिटांत संपतो. दुसरा कधी कधी दहा वर्षेही संपत नाही.

आमच्या डॉर्मिटरीत तर तो कधीच संपत नाही. मोबाइल आमच्याजवळ नसतात. इंग्लंडमधले सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे दिवे मालवायची वेळ झालेली असते. त्यामुळे शनिवारचा निकाल आम्हाला रविवारी वर्तमानपत्रातून कळतो. नाश्त्याच्या रांगेत एकच पेपर हातोहात फिरतो आणि तो शेवटच्या मुलापर्यंत पोहोचायच्या आधीच पुढच्या टेबलावरून आवाज येतो, ‘हा माणूस आता गेलाच पाहिजे!’

पालकांसाठी आणि सहावीतल्या नव्या कॅडेट्ससाठी थोडे सांगतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे ऑफिसातला मॅनेजर नव्हे. आपण ज्याला कोच म्हणतो तोच तो. सराव घेणे, संघ निवडणे, डावपेच ठरवणे, कोणता खेळाडू विकत घ्यावा ते क्लबला सांगणे आणि हरल्यावर पत्रकारांसमोर बसणे ही त्याची कामे. संघ सतत हरू लागला तर पंचवीस खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत. मालक स्वतःला बदलत नाही. चाहत्यांना तर कुणीच बदलू शकत नाही. उरतो एकटा मॅनेजर.

हा वाद फक्त इंग्लंडचा आहे असे नाही. माझा कोलकात्याचा मित्र सांगतो की त्याच्या घरात मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या प्रशिक्षकांवरून जेवणे थंड होतात. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर या दोन संघांचा फेडरेशन कपचा उपांत्य सामना झाला, तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार लोक आले होते. सामन्याआधी जितकी चर्चा खेळाडूंची होती, तितकीच अमल दत्त आणि पी. के. बॅनर्जी या दोन प्रशिक्षकांची होती. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला, बायचुंग भुतियाने हॅट्‌ट्रिक केली आणि दत्तांच्या नव्या ‘डायमंड’ पद्धतीवर त्याच रात्री टीका सुरू झाली.

माझे आजोळ कोल्हापूर. तिथे पेठापेठांचे आणि तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्म्या पेठेची दुकाने लवकर बंद होतात. आमच्या पेठेचा संघ हरला की कट्ट्यावर कोच बदलायची बोलणी सुरू होतात. आजोबा तेवढ्यापुरते तंबाखू मळायचे थांबवून म्हणतात, ‘कोच बदलून पोरांचं पाय बदलत्यात व्हय रं?’ आजोबांचे म्हणणे मला अर्धे पटते. पाय बदलत नाहीत, पण ते पाय कुठे धावायचे हे तर कोचच सांगतो.

मी आर्सेनलचा चाहता आहे आणि तो मामामुळे. २००४ साली मामा कॉलेजात होता. त्या हंगामात आर्सेनल प्रीमियर लीगमधले ३८ सामने खेळला. २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. मॅनेजर होते आर्सेन वेंगर. १९९६ मध्ये ते जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट क्लबकडून लंडनला आले, तेव्हा हे कोण गृहस्थ, असे तिथली वर्तमानपत्रे विचारत होती. १९९८ मध्ये त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००२ मध्ये पुन्हा दोन्ही. आणि मग तो अपराजित हंगाम.

२००६ मध्ये क्लबने हायबरीचे जुने मैदान सोडले. तिथे सुमारे ३८ हजार प्रेक्षक मावत. नव्या एमिरेट्स स्टेडियममध्ये सुमारे ६० हजार मावतात, पण ते बांधायला सुमारे ३९ कोटी पौंड लागले. कर्ज फेडायचे म्हणजे हात आखडता घ्यायचा. थिएरी ऑन्री गेला, सेस्क फॅब्रेगास गेला, रॉबिन व्हॅन पर्सी तर मँचेस्टर युनायटेडलाच गेला आणि पहिल्याच हंगामात तिथे लीग जिंकला. २००५ च्या एफए कपनंतर २०१४ पर्यंत आर्सेनलला एकही ट्रॉफी मिळाली नाही. त्याच काळात संघ दर वर्षी पहिल्या चारात मात्र राहिला. म्हणजे एका चाहत्याला विचारले तर ‘नऊ वर्षे काहीच नाही’ आणि दुसऱ्याला विचारले तर ‘एवढे कर्ज असूनही एकदाही घसरलो नाही.’ दोघांचेही आकडे खरे.

ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडकडून ८-२ अशी हार झाली. २०१७ मध्ये बायर्न म्युनिकने दोन्ही सामने ५-१ ने जिंकले. त्याच मार्च महिन्यात वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर सामना चालू असताना आकाशात दोन विमाने आली. एकामागे वेंगरना नवा करार देऊ नका असा फलक होता, दुसऱ्यामागे त्यांच्यावर आमचा विश्वास आहे असा. एकाच क्लबच्या चाहत्यांनी पैसे गोळा करून एकमेकांविरुद्ध विमाने उडवली! मला हे वाचून हसू आले होते. पण मामा हसला नाही, कारण तोही त्या वादात होता. तो ‘वेंगर आऊट’ गटात होता आणि त्याचा जिवलग मित्र दुसऱ्या गटात. दोघे काही महिने एकत्र सामना पाहत नव्हते.

२० एप्रिल २०१८ रोजी वेंगर यांनी हंगामाच्या शेवटी क्लब सोडणार असे जाहीर केले. बावीस वर्षे झाली होती आणि सात एफए कप झाले होते. त्या सुटीत मी आजोळी होतो. माझी नुकतीच दुसरीची परीक्षा संपली होती. मामा पायरीवर मोबाइल घेऊन बराच वेळ गप्प बसला होता. आजीने आतून विचारले, ‘कुणाचं काही वाईट कळलं का रे?’ मामा म्हणाला, ‘नाही गं. एक माणूस रिटायर झाला.’ ज्याने दोन वर्षे हेच मागितले होते, त्याला ते मिळाल्यावर आनंद का झाला नाही, हे मला तेव्हा कळले नव्हते. आता थोडे कळते. त्याला जुने दिवस परत हवे होते. मॅनेजर गेल्याने ते परत येणार नव्हते.

आता वादाच्या दोन्ही बाजू पाहू.

‘काढा’ म्हणणाऱ्यांचा आवडता मुद्दा असा की मॅनेजर बदलला की संघ लगेच जिंकू लागतो. उदाहरण लेस्टर सिटीचे. २०१५-१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांनी या लहानशा क्लबला लीग जिंकून दिली. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांना काढले. तेव्हा संघ सतराव्या क्रमांकावर होता आणि खालच्या विभागात घसरण्यापासून फक्त एका गुणाने वर होता. त्यांच्या जागी क्रेग शेक्सपियर आले आणि लीगचे पुढचे पाचही सामने लेस्टरने जिंकले. झाले की सिद्ध! पण त्याच शेक्सपियर यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये काढण्यात आले.

मला वाटते यात तापासारखे काहीतरी आहे. आमच्या शाळेच्या एम.आय. रूममध्ये ताप आलेला मुलगा तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त कुरकुरतो. त्याच दिवशी औषध बदलले आणि चौथ्या दिवशी ताप उतरला की श्रेय नव्या औषधाला. पण ताप कदाचित उतरणारच होता. मॅनेजरही बहुधा संघ सर्वात खाली असतानाच काढला जातो. तळाला गेलेला संघ पुढे थोडा तरी वर येतोच. त्यातले किती नव्या माणसामुळे आणि किती आपोआप, हे गुणतक्ता सांगत नाही.

‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचा आवडता मुद्दा म्हणजे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते युनायटेडला आले. तीन वर्षांनी चाहते त्यांना निरोपाचे फलक दाखवत होते. क्लबने धीर धरला. १९९० मध्ये एफए कप आला, १९९३ मध्ये लीग आणि २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा तेरा लीग खात्यात होत्या. त्यांच्यानंतर डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत नारळ. आमच्या डॉर्मिटरीतले युनायटेडवाले हे सांगताना अजून हळवे होतात. पण या मुद्द्यातही एक भोक आहे. धीर धरला आणि फर्ग्युसन निघाले, हे आपल्याला आठवते. धीर धरला आणि संघ बुडाला, अशा मॅनेजरांची नावे कुणी पाठ करत नाही.

आणि माझा केरळचा मित्र आहेच. तो डॉर्मिटरीतला एकटा चेल्सीवाला, पण आवाज तिघांचा. तो म्हणतो, ‘आमच्याकडे धीर वगैरे काही नसते.’ मार्च २०१२ मध्ये चेल्सीने आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढून रॉबर्तो दि मातेओ यांना तात्पुरते नेमले आणि मे महिन्यात क्लब युरोपचा विजेता झाला. जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड गेले, थॉमस टुखेल आले आणि मे महिन्यात पुन्हा चॅम्पियन्स लीग. याला उत्तर काय द्यायचे? मी खूप विचार केला. चेल्सीकडे तेव्हा खेळाडू चांगले होते, अडचण त्यांना लावण्यात होती. अशा वेळी नवा माणूस लवकर फरक पाडू शकतो. आर्सेनलची २०११ ची अडचण वेगळी होती. तिथे खेळाडूच निघून जात होते. तेव्हा ‘काढा की ठेवा’ हा प्रश्न सगळ्या क्लबांना एकच असला तरी त्याचे उत्तर एक असू शकत नाही.

आमच्या इतिहासाच्या सरांनी यात लष्कराचा धडा जोडला. जुलै १९४२ मध्ये जनरल ऑकिनलेक यांनी अल अलामेनजवळ रोमेलची आगेकूच रोखली. तरीही ऑगस्टमध्ये चर्चिल यांनी त्यांना बदलले. आठव्या सेनेची सूत्रे माँटगोमेरी यांच्याकडे आली आणि शरद ऋतूत त्याच वाळवंटात मोठा विजय मिळाला. त्याच वर्षी ब्रह्मदेशातून माघार घेणाऱ्या कोअरचे नेतृत्व जनरल स्लिम करत होते. हरलेला सेनापती म्हणून त्यांना बाजूला टाकले नाही. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमा जिंकणाऱ्या चौदाव्या सेनेचे सेनापती तेच होते. आणि ऑकिनलेक? ते १९४३ मध्ये भारताचे सरसेनापती झाले आणि चौदाव्या सेनेला लागणारी प्रशिक्षित माणसे व रसद भारतातून पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. सर म्हणाले, ‘एखाद्याला एका जागेवरून हलवणे आणि तो माणूस निकामी ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ आर्सेनलने २०२३ मध्ये एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा पुतळा उभारला. त्यांनाही हा फरक उशिरा का होईना, कळला असावा.

हे सगळे दुसऱ्यांच्या क्लबचे. गेल्या सत्रात हा प्रश्न आमच्याच हाऊसमध्ये आला.

आंतर-हाऊस फुटबॉलमध्ये प्रत्येक हाऊस सहा सामने खेळते. आमचे पहिले तीन झाले तेव्हा दोन हरलो होतो आणि एक बरोबरीत सुटला होता. आमच्याकडे संघ कॅप्टनच बसवतो, म्हणजे मॅनेजरही तोच. कॅप्टन बारावीचा, मणिपूरचा, शाळेतला सर्वात चांगला खेळाडू. मी सातवीत असताना डाव्या पायाने चेंडू थांबवायला त्यानेच मला शिकवले होते. तिसऱ्या सामन्याच्या रात्री डॉर्मिटरीत सोळापैकी अकरा जण म्हणत होते, कॅप्टन बदला.

ते हाऊस मास्तरांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी प्रेपनंतर त्यांनी सगळ्या संघाला बोलावले आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. ‘आपले मत लिहा, कारण लिहा आणि खाली नाव लिहा. नाव नसलेली चिठ्ठी मी वाचणार नाही. सकाळी या चिठ्ठ्या कॅप्टन स्वतः वाचेल.’

खोलीत एकदम शांतता पसरली. रात्री अंधारात ‘आऊट’ म्हणणे आणि नाव लिहून म्हणणे यात किती अंतर आहे ते तेव्हा दिसले. शेवटी नऊच चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या चार ‘बदला’ म्हणणाऱ्या होत्या आणि त्या चौघांबद्दल मला आजही आदर वाटतो.

माझी चिठ्ठी लिहायला मला पाऊण तास लागला. ज्याने मला शिकवले त्याच्याविरुद्ध लिहायचे नव्हते आणि त्याने शिकवले म्हणून बाजूनेही लिहायचे नव्हते. मी तिन्ही सामने आठवले. पहिल्या सामन्यात आमचा गोलकीपर आजारी होता. दुसऱ्यात पंधराव्या मिनिटाला आमचा सेंटर बॅक जखमी झाला. हे कॅप्टनच्या हातात नव्हते. पण तिन्ही सामन्यांत सगळे कॉर्नर त्यानेच मारले होते. संघातला सर्वात उंच मुलगा कॉर्नरच्या झेंड्याजवळ आणि गोलसमोर हेडर मारायला उंच कुणीच नाही! हे मात्र त्याच्या हातात होते. मी लिहिले : ‘कॅप्टन बदलू नये. कॉर्नर मारणारा बदलावा.’ आणि खाली नाव लिहिले.

हाऊस मास्तरांनी कॅप्टन बदलला नाही. दुसऱ्या दिवशी पी.टी.ला कॅप्टन माझ्याजवळ आला. मी सावधान उभा राहिलो. तो म्हणाला, ‘तुझा डावा पाय चांगला आहे. आजपासून उजवीकडचे कॉर्नर तू मारायचे. रोज संध्याकाळी वीस.’ मी ‘येस सर’ म्हटले. पुढचे दोन आठवडे रोज वीस कॉर्नर मारले, एकदा तर पावसात. मत दिले की त्यातले काही काम आपल्या अंगावर येते, हे मला तिथे समजले.

उरलेल्या तीन सामन्यांत आम्ही एक जिंकलो, एक बरोबरीत सोडवला, एक हरलो. बरोबरीच्या सामन्यात माझ्या कॉर्नरवर कॅप्टनने हेडरने गोल केला. चार हाऊसमध्ये आमचा तिसरा क्रमांक आला. ‘बदला’ लिहिणारा माझा मित्र अजून म्हणतो की कॅप्टन बदलला असता तर दुसरे आलो असतो. त्याला खोटे ठरवायला माझ्याकडे काहीही नाही. जे सामने झालेच नाहीत त्यांचा निकाल पेपरात येत नाही.

तेव्हापासून मी कुणी ‘काढा’ म्हटले की तीन प्रश्न विचारतो. एक, याच्या जागी कोण? दोन, याच खेळाडूंकडून तो वेगळे काय करून घेईल? तीन, त्याला किती वेळ देणार? ‘ठेवा’ म्हणणाऱ्यालाही तिसरा प्रश्न लागू आहे, कारण धीरालाही तारीख असावी लागते. वेंगर यांच्या वेळी मामाकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांच्यानंतर उनाय एमरी आले, २०१९ ची युरोपा लीगची अंतिम फेरी चेल्सीकडून ४-१ ने हरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले.

मग आले मिकेल आर्टेटा, वेंगर यांच्याच संघाचे जुने कॅप्टन. २०२० मध्ये एफए कप जिंकला, पण लीगमध्ये सलग दोन वर्षे आठवा क्रमांक. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही, गुणतक्त्यात तळाला. क्लबने त्यांना ठेवले. त्या हंगामात संघ पाचवा आला. पुढची तिन्ही वर्षे दुसरा, अनुक्रमे ८४, ८९ आणि ७४ गुण. २०२५-२६ चा नवा हंगाम सुरू झाला आणि आमच्या मेसमध्ये जुना वाद नव्याने पेटला : आठव्यावरून दुसऱ्यावर आणणारा माणूस दुसऱ्यावरून पहिल्यावर नेऊ शकतो का, की त्यासाठी दुसराच लागतो?

त्या सुमारास एका रविवारी मामाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ‘तीन वेळा दुसरा म्हणजे पुरे झालं.’ मी तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्यावर त्याने दोन नावे घेतली आणि दोन्ही स्वतःच खोडली. दुसऱ्यावर म्हणाला, गोल करणारा एक हुकमी स्ट्रायकर हवा. मी म्हटले, ‘मामा, मग तू मॅनेजर नाही, स्ट्रायकर बदलतोयस.’ तिसऱ्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘बरं, मेपर्यंत.’

मी ते माझ्या डायरीत तारखेसह लिहिले आणि खाली मामाचे नाव लिहिले. त्याखाली माझे मत लिहिले आहे : मे महिन्यानंतरही ठेवावा, पण आणखी एकच वर्ष. माझी सही पण आहे.